शनिवारी मासा, रविवारी बगळा

नोरीन फोगलला टेलिफोनची भीती वाटत असे. घंटा वाजली की ती हातातले काम ठेवून उभी राही आणि समोरचा माणूस कंटाळून नाद सोडील या आशेने वाट पाहत बसे. तिच्या एव्हान्सव्हिल गावाहून ओहायो नदी ओलांडून केंटकीत जाणारे जे जोडपूल आहेत, त्यांवरून तिने उभ्या जन्मात स्वतः गाडी नेली नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात ती वर्षानुवर्षे पोरांना जेवण वाढत आली होती, तरी मुख्याध्यापिका दारात दिसल्या की तिच्या हातातला डाव ताटाला लागून वाजायचा. थोरला भाऊ वेंडेल तिला लहानपणापासून 'ससुली' म्हणे. तिची पन्नाशी उलटली तरी त्याने ते सोडले नव्हते.

फक्त एका जागी नोरीनला भीती वाटत नसे. ती जागा म्हणजे एका माशाचे डोके.

रिव्हरमेन हा गावचा सॉकरचा संघ. देशातल्या बड्या लीगच्या कितीतरी पायऱ्या खाली जी मिडलँड लीग होती, तिच्यात तो खेळे. खेळाडू आठवडाभर गोदामात, शाळेत, रुग्णालयात राबत आणि शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या मैदानावर जीव तोडून धावत. सामन्यात लोकांना रिझवणारे संघाचे सोंग म्हणजे गस नावाचा कॅटफिश मासा: करड्या रंगाचा, लांब मिशांचा, पोट सुटलेला. ते सोंग वेंडेलच्या बायकोने, ग्लेनाने शिवले होते आणि त्याच्या आत नोरीन असे. हे त्या तिघांनाच ठाऊक होते. इतरांना संशय असला तरी कोणी विचारत नसे, कारण सोंगाच्या आत कोण आहे हे विचारायची रीत नाही. सोंगानेही तोंडातून शब्द काढायचा नसतो आणि लोकांदेखत डोके उतरवायचे नसते.

गस झाल्यावर नोरीन वेगळीच होई. पोलिसाची टोपी उडवी, महापौरांना ओढून नाचायला लावी, पंचाच्या पाठीमागे त्याच्यासारखीच चाले. एखादे लहान पोर गसला बघून किंचाळले, तर मात्र ती त्याच्याजवळ जात नसे. थोडे अंतर ठेवून, त्याच्याकडे पाठ करून ती जमिनीवर फतकल मारून बसे आणि एक पर मागे पसरून ठेवी. पाठीची भीती कोणाला वाटत नाही, हे तिला स्वतःवरून माहीत होते. थोड्या वेळाने पराला दोन इवली बोटे लागत. मग तिसरे, चौथे. गावाच्या आख्ख्या पश्चिम भागातली पोरे अशी गसच्या पाठीवर मोठी झाली होती.

सामना संपला की आणखी एक रीत होती. गोलखांबामागे जिथे पक्के पाठीराखे उभे राहून गात, तिथे वेंडेलचा मोठा ढोल असे. गसने जाऊन त्या ढोलाला कान लावायचा आणि वेंडेलने एकच ठोका द्यायचा. हार असो, जीत असो. तो ठोका वाजल्याशिवाय कोणी घरी जात नसे.

हे सगळे त्या हिवाळ्यात संपल्यासारखे झाले. मिडलँड लीगमधले चार संघ एकदम बसले आणि लीग बंद पडणार अशी बातमी आली. त्याच महिन्यात कॉन्टिनेंटल नावाच्या नव्या लीगने जाहीर केले की, एव्हान्सव्हिल शहर आमचे. इथे आमचा क्रेसेंट संघ उतरणार. नदीकाठचे नवे मैदान त्यांनी उन्हाळ्यापुरते मिळवलेही. रिव्हरमेनची कचेरी कुलूपबंद झाली. ग्लेनाने गसला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवले.

नोरीनचे हात त्या हिवाळ्यात जे कापायला लागले, ते थांबेनात. अशात क्रेसेंटला सोंगासाठी माणूस हवा आहे असे तिच्या कानावर आले. ती नुसती बघायला म्हणून गेली. त्यांचे सोंग म्हणजे निळा बगळा, नाव 'कॅप्टन'. लांब चोच, काठीसारखे पाय. "एकदा डोकं घालून तर बघा," तिथली बाई म्हणाली. नोरीनने घातले. आत अंधार, नव्या फोमचा वास, गळ्याच्या जाळीतून दिसणारी एवढीशी दुनिया. तिने हात वर करून पाहिले. ते कापत नव्हते. तिने तिथल्या तिथे सही केली.

मार्च उजाडला आणि रिव्हरमेनच्या पाठीराख्यांनी घरोघर फिरून संघ पुन्हा उभा केला. मिडलँड लीगही उरलेल्या संघांना घेऊन उठली. वेंडेल ढोल खांद्यावर घेऊनच नोरीनच्या दारात आला. "ससुले! गस जिवंत आहे गं!" त्याने तिला उचलून गरागरा फिरवले. त्याच वेळी तिने सांगायला हवे होते. तिने तोंड उघडलेही. पण खाली टेकल्यावर तिच्या तोंडून एवढेच निघाले, "ढोल जपून रे, दाराला लागेल."

त्या दिवसापासून नोरीन शनिवारी मासा आणि रविवारी बगळा झाली. आणि जी एक जागा बिनभीतीची होती, तिच्यातही भीती शिरली.

कारण गावात आता दोन संघ नव्हते, दोन पक्ष झाले होते. एवढ्या शहराला दोन संघ झेपणार नाहीत, हे सगळे जाणून होते. नदीकाठचे मैदान पुढच्या वर्षीपासून कोणाला कायमचे द्यायचे, हे नगरसभा शरदात ठरवणार होती. ज्याला मैदान तो जगणार, दुसरा जाणार. तोवर कोण कोणाकडचे, हे गाडीमागे चिकटवलेल्या संघाच्या चिन्हावरून मोजले जाई. रिव्हरमेनचा जुना गोलरक्षक क्रेसेंटकडे गेला, तर त्याच्या पत्रपेटीत कोणीतरी मेलेला कॅटफिश कोंबून ठेवला. हार्लन न्हाव्याने दुकानात क्रेसेंटचे निळे निशाण लावले. हार्लन आणि वेंडेल शाळेपासूनचे दोस्त. वेंडेल त्या दिवसापासून त्याच्या दुकानाची पायरी चढला नाही. दुसऱ्या न्हाव्याकडेही गेला नाही. त्याचे पांढरे केस कानांवरून खाली आले, मानेवर रुळायला लागले.

दर शुक्रवारी रिव्हरमेनचे सगळे गावातल्या क्लबात जेवायला जमत. तळलेले अख्खे छोटे कॅटफिश, गरम बटाट्याचे सॅलड आणि नंतर क्लॅबरचा पत्त्यांचा डाव. मे महिन्यातल्या अशाच एका शुक्रवारी वेंडेल माशाचा काटा काढता काढता म्हणाला, "त्या बगळ्याला बघितलं का कोणी? माणसासारखा चालतोय म्हणे. नुसतं प्लास्टिक!"

"तू कुठं बघितलास?" ग्लेनाने विचारले.

"मी कशाला बघतो? लोक सांगतात. त्याच्या आत कोण आहे ते मला कळू दे फक्त."

"काय करशील?"

"काय करीन? काही नाही करणार. हार्लनचं काय केलं मी? माझ्या लेखी तो माणूस नाही, बस्स." त्याने काटा ताटाच्या कडेला ठेवला. "ज्याला गस सोडून त्या लांबनाक्यात शिरवलं, त्याच्याशी मी ह्या जन्मात बोलणार नाही. तो माझा सख्खा भाऊ असला तरी."

"तुला भाऊ कुठाय? बहीण आहे," ग्लेना म्हणाली आणि टेबलभर हशा झाला.

नोरीनही हसली. हसताना तिच्या घशात बटाट्याचा घास अडकला. वेंडेलने तिच्या पाठीत दोन गुद्दे घातले. "हळू खा, ससुले. कोणी पळवत नाही तुझं ताट." त्याचा हात जड होता, ऊबदार होता, आणि तो हात आपल्याला आणखी किती दिवस मिळणार, असे तिच्या मनात आले. आईबाप गेल्यापासून तिला जगात ते एकच घर होते, शेजारचे. गसचे सोंगही त्याच घरात राहत होते.

क्रेसेंटला नकार कळवायचा, असे ती रोज ठरवी. टेलिफोन उचली, आकडे दाबी आणि पलीकडून "हॅलो" आले की ठेवून देई. एकदा ती मैदानाच्या कचेरीपर्यंत गेलीसुद्धा. दाराशी लूथर भेटला. लूथर गेन्स हा निवृत्त बसचालक. बगळ्याचा पंख धरून त्याला गर्दीतून फिरवणे हे त्याचे काम. सोंगाला खालचे दिसत नाही, म्हणून असा माणूस लागतोच.

"मिस फोगल! आज तर सामना नाही. इकडं कुठं?"

"मी... मी सांगायला आले होते की..."

"बगळ्याचे पाय ना? मला ठाऊक आहे, लांब पडतात तुम्हाला. मी कालच सांगितलं त्यांना. आमची बाई बुटकी आहे, पाय कापा म्हटलं." तो स्वतःच्या विनोदावर खूश होऊन हसला. "पण पोरं काय खूश असतात हो तुमच्यावर!"

"हो," नोरीन म्हणाली. "पायांचंच." आणि घरी आली.

रविवारी बगळ्याच्या आत ती जीव मुठीत धरून चाले. सगळ्यात मोठी भीती चालण्याची होती. गस पोट पुढे काढून डुलत चाले. बगळ्याने पाय उंच उचलून, थांबून, मान वाकवून चालायचे. जरा लक्ष सुटले की डुलणे सुरू होई. गर्दीत ओळखीचे चेहरे असत, पूर्वी रिव्हरमेनकडे येणारे. जाळीतून एखादा चेहरा दिसला की तिचा श्वास आतच कोंडे आणि जाळीवर बाष्प धरे. मग काहीच दिसत नसे, फक्त स्वतःच्या छातीची धडधड ऐकू येई.

जूनमधल्या त्या रविवारी ऊन असे होते की लूथरने सामन्याआधीच दोनदा तिच्या चोचीतून नळी घालून पाणी पाजले. गावातल्या बालवाडीची पोरे खेळाडूंचे हात धरून मैदानात चालणार होती. फाटकाजवळ पोरांची रांग लागली होती. बगळ्याने प्रत्येकाला टाळी देत पुढे सरकायचे होते.

ती रांगेच्या मध्यावर पोहोचली आणि एक पोर किंचाळले.

जाळीतून पोर दिसायच्या आधीच नोरीनने ते किंचाळणे कानाने ओळखले. ती मॅबेल होती, वेंडेलची नात. चार वर्षांची मॅबेल चोचीकडे बघून ताठ झाली होती, तोंडाचा आ तसाच, मध्ये श्वास नाही. आणि तिला उचलून धरलेला माणूस गोदामातली कामाची टोपी कपाळावर ओढून आणि काळा चष्मा लावून उभा होता. टोपीखालून पांढरे केस मानेवर आले होते.

मॅबेलच्या आईची रुग्णालयात कामाची पाळी असणार, ग्लेनाचा गुडघा सुजला होता, हे नोरीनला नंतर सुचले. त्या क्षणी तिला एवढेच कळत होते की, या मैदानात पाऊल ठेवणार नाही असे छाती ठोकून सांगणारा तिचा भाऊ हातभर अंतरावर उभा आहे.

"चला पुढं, कॅप्टन," लूथर पंख ओढत म्हणाला. "ही घाबरलीय. पुढचं पोर बघा."

पुढे जाणे सोपे होते. बगळा असता तर गेलाच असता. मॅबेल दुसऱ्यांदा किंचाळली. तिचा श्वास अडकत होता. वेंडेल तिला थोपटत होता आणि त्याला काय करावे ते सुचत नव्हते. हे नोरीनने त्याच्या हातावरून ओळखले, कारण लहानपणी तिला थोपटतानाही तो असाच, फार जोरात थोपटायचा.

नोरीनने लूथरच्या हातातून पंख सोडवला. चार पावले मागे गेली, त्या दोघांकडे पाठ केली, आणि बगळ्याचे ते लांबलचक पाय कसेबसे दुमडून जमिनीवर फतकल मारून बसली. कुठेतरी टरकन आवाज झाला. तिने एक पंख मागे पसरला.

आता संपले, असे तिला वाटले. आतून घामाच्या धारा लागल्या होत्या. पाठ करून बसल्यामुळे मागे काय चालले आहे ते दिसत नव्हते. फक्त ऐकू येत होते. मॅबेलचे रडणे हुंदक्यांवर आले. मग नाक ओढणे. मग काहीच नाही. मग पंखाला दोन बोटे लागली.

"अरे!" रांगेतला कोणीतरी बाप म्हणाला. "असं तर गस बसतो. शनिवारचा गस. अगदी असाच बसतो की!"

"हो रे," दुसरा म्हणाला. "हुबेहूब. म्हणजे आत..."

नोरीनचे डोके भणाणले. पळायला पाय नव्हते. बोलायला तोंड नव्हते. एकच सुचले: हे डोके काढावे आणि संपवून टाकावे. तिने दोन्ही पंख वर नेले आणि बगळ्याचे डोके धरले. मानेजवळची पट्टी सुटल्याचा आवाज झाला.

तेवढ्यात डोक्यावर वरून एक जड हात पडला आणि त्याने ते डोके खांद्यांवर घट्ट दाबून धरले.

"चोर!" वेंडेल एवढ्या मोठ्याने गरजला की आख्खी रांग दचकली. "बघा, बघा लेको! आमचं शहर घेतलं, आमचा गोलरक्षक घेतला, आता आमच्या माशाचं बसणंसुद्धा चोरलं! शिकवून आणलाय ह्या लांबनाक्याला! स्वतःचं म्हणून काही सुचत नाही का रे तुम्हाला?"

"अहो साहेब," लूथर मध्ये पडला, "लहान मुलं आहेत इथं. आणि तुम्ही मासेवाले तर इथं काय करताय?"

लोक हसले. "नातीला घेऊन आलोय," वेंडेल पुटपुटला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. हात मात्र त्याने काढला नव्हता. तो वाकला. चोचीच्या बाजूला त्याचे तोंड आले, आणि फक्त आतल्या माणसाला ऐकू जाईल असे तो म्हणाला, "डोकं काढू नकोस. लोक बघतायत."

मग हात उचलला गेला. नोरीन उठून वळली तेव्हा गोदामाची टोपी गर्दीत दूर गेली होती आणि त्याच्या खांद्यावरून मॅबेल पंखाला टाटा करत होती.

"आज काहीतरी नवीनच केलंत तुम्ही," सामना संपल्यावर लूथर म्हणाला. "छान होतं. नेहमी करत जा."

तो आठवडा नोरीनने कसा काढला ते तिचे तिला ठाऊक. वेंडेल शेजारीच राहत होता, पण त्याच्या पोर्चवरची खुर्ची रिकामी होती. त्याची गाडी सकाळी जाई, संध्याकाळी येई. कुंपणापलीकडून कोणी 'ससुली' म्हणून हाक मारली नाही. शुक्रवारी तो क्लबात आला नाही. "पोट बिघडलंय म्हणतो," ग्लेना म्हणाली आणि पत्ते पिसायला लागली. तिला काय माहीत आहे, तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. नोरीनने एक डाव हातात हुकमाचा गुलाम असताना घालवला. त्या पानाएवढे मोलाचे पान क्लॅबरमध्ये दुसरे नाही. सगळे तिच्याकडे बघत राहिले.

शनिवारी तिला वाटले होते, गसचे सोंग मिळणार नाही. पण ग्लेना ते नेहमीसारखे गाडीत घालून घेऊन आली. नेहमीसारखी पाठीची चेन लावताना म्हणाली, "श्वास आत घे." बस्स, एवढेच.

नव्वद मिनिटे नोरीन नाचली, पण आतून ती गोलखांबामागच्या ढोलाकडे कान लावून होती. ढोल वाजत होता. रागावून वाजत होता की नेहमीसारखा, हे तिला ठरवता येईना. रिव्हरमेन एका गोलने हरले. शिट्टी झाली. पाठीराखे गप्प झाले आणि मध्ये वाट करून उभे राहिले, गसला ढोलापर्यंत यायला.

ती वाट ती पुष्कळदा चालली होती. आज सगळ्यांसमोर वेंडेलने ढोल उचलला आणि पाठ फिरवली तर? तो असे करू शकत होता. हार्लनला तो पाहूनही पाहत नसे. ती डुलत गेली, कारण गसला डुलतच जावे लागते. पोहोचली. वाकली. माशाच्या डोक्याचा कान ढोलाच्या कातड्याला टेकवला.

ठोका पडला नाही.

कोणीतरी खोकले. नोरीनने डोळे मिटून घेतले. मग वेंडेल खाली वाकला, ढोलाची दोरी आवळायचे निमित्त करून.

"बगळ्याचा डावा गुडघा उसवलाय," तो हळूच म्हणाला. "आतला फोम दिसतोय. काय शिवतात गं ही माणसं? सोमवारी घेऊन ये, ग्लेना शिवून देईल. मागच्या दारानं ये."

गसचे डोके ढोलावरून किंचित वर आले.

"आणि हे बघ. एक गोष्ट. ते पाठ करून बसणं आपलं आहे. गसचं आहे. तिथं पुन्हा करायचं नाहीस. कबूल?"

हो म्हणायचे होते. एवढ्यावर सुटका होत होती. मान एकदा खाली घातली की भाऊ परत, घर परत, शुक्रवार परत. तिला मॅबेलचा तो आ वासलेला, श्वास अडकलेला चेहरा दिसला, आणि त्याच्यामागे पुढच्या रविवारच्या रांगेतले कोणाचे तरी, नाव नसलेले दुसरे तोंड दिसले. गसचे मोठे डोके डावीकडे वळले आणि मग उजवीकडे. मिशा हलल्या.

नाही.

वेंडेल टिपरू हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा लाल झाला. नोरीनला वाटले, आता हे टिपरू आपल्या डोक्यात बसणार. त्याने मानेवरचे केस मागे सारले, एकदा इकडे बघितले, एकदा तिकडे.

"मॅबेल रोज विचारतेय," तो चरफडत म्हणाला. "बगळा पुन्हा कधी बसणार म्हणून. डोकं खाल्लंय पोरीनं." मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "अरे कान नीट लाव की माशा! घरी जायचंय लोकांना!"

तिने कान लावला. त्याने टिपरू उचलले आणि हाणले. माशाच्या पोकळ डोक्यात तो ठोका घुमला, दात हलतील इतका जोरात. वेंडेलला हळू थोपटणे कधी जमलेच नाही.